बाबा, रात्री अडीचला मी जागीच होते

पुणे,
ज्येष्ठ वद्य पंचमी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घरात आपण कोंकणी बोलतो, पण पत्राला बसलं की हात मराठीतच चालतो. आजोबांनी लावलेली सवय. बाबांच्या पोटरीत रात्री येणाऱ्या गोळ्यांबद्दल फोनवर सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा बाबांनी ‘आईशी बोल’ म्हणून फोन तुझ्या हाती दिला आणि तू नारळांचे भाव सांगत बसलीस. म्हणून लिहिते. बाबांना चष्मा लावून वाचायला दे, तू वाचून दाखवू नकोस. तू मधली वाक्यं गाळतेस.

मे महिन्यातल्या त्या रात्री मी जागीच होते. आधी पलंग करकरला, मग बाबांचा दाबलेला आवाज आला, मग तुझी काकणं वाजली. दाराशी येऊन बघते तर बाबा पलंगाची दांडी धरून एका पायावर उभे, आणि तू खाली बसून खोबरेल लावून त्यांची डावी पोटरी चोळतेस. कातडीखाली लिंबाएवढा गोळा वर आला होता. तुझा अंगठा दाबला जात होता तरी तो दबत नव्हता. मला पाहून बाबा म्हणाले, ‘कांय जावंक ना, तूं न्हिद.’ काही झालं नाही, तू झोप म्हणे! सकाळी कुळागरात पोफळींना पाणी सोडायला गेलात तेव्हा मात्र पाय ओढत होतात. विचारलं तर म्हणे उष्णता. नंतर आईने न्हाणीघराच्या दाराशी हळूच सांगितलं की शिगम्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा हे चाललंय.

आई, तुला आठवतं का, मला आठवा महिना होता तेव्हा माझ्याही पोटरीत असाच गोळा यायचा. पहिल्या रात्री मी किंचाळले. तू धावत आलीस, एका हाताने माझा गुडघा गादीवर दाबून पाय सरळ केलास आणि दुसऱ्या हाताने चवडा धरून बोटं माझ्या नडगीकडे वाकवलीस. चोळलं नाहीस. मिनिटभरात गोळा उतरला. तू हे कुठे शिकलीस कोण जाणे, पण माझ्या ऑफिसातल्या एकीची बहीण फिजिओथेरपिस्ट आहे, तिने मला परवा नेमकं हेच करून दाखवलं. मग बाबांच्या वेळी तू फक्त तेल का चोळतेस? त्यांच्या पायाची बोटं ओढायला संकोच वाटतो की काय?

ती म्हणाली ते साधं आहे. झोपेत पाऊल आपोआप खाली झुकतं, त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखडलेला असतो. त्यात नसेने जरा उचकवलं की तो आणखी आवळतो आणि सुटत नाही. चवडा वर ओढला की स्नायू ताणला जातो आणि गाठ सुटते. चोळायचं, शेकायचं ते त्यानंतर. बाबा एकटे असतील तर त्यांनी उशीखाली पंचा ठेवावा, चवड्याला अडकवून दोन्ही टोकं आपल्याकडे ओढावीत. आणि आता पाऊस लागलाय, वाकळ बाहेर निघाली असेल. ती पायथ्याशी गादीखाली खोचू नका. तिच्या भाराने पाऊल आणखी खाली दाबलं जातं.

माझी खरी धास्ती गोळ्याची नाही, उडी मारून उठण्याची आहे. पावसात आपली लाल कोब्याची जमीन ओली होते, पलंग उंच, दिवा बंद. दुखतं म्हणून बाबा त्या पायावर भार टाकायला धडपडत उठतात. हाड मोडायला तेवढं पुरे. आधी बसल्या जागी पाय ताणायचा, कळ ओसरली की मग उभं राहायचं. पलंगाजवळच्या प्लगमध्ये लावायला छोटा दिवा पाठवते आहे. ‘वीज जळते’ म्हणून काढू नका. महिन्याला दोन रुपयांचीही जळत नाही.

आता रोजचं. झोपण्यापूर्वी भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं, तळवे भिंतीला, टाचा जमिनीला चिकटलेल्या, आणि पोटरी ताणली जाईपर्यंत पुढे झुकायचं. दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं तीनदा. नेदरलँड्समध्ये 2012 साली 55 वर्षांवरच्या 80 जणांवर याची चाचणी झाली. ज्यांनी सहा आठवडे रोज झोपताना पोटऱ्या आणि मांड्यांच्या मागचे स्नायू ताणले, त्यांचे गोळे रात्रीमागे सुमारे एकाने कमी झाले. जादू नाही, पण फुकट आहे. बाबा, भजनाला बसल्यावर दोन-दोन तास मांडी मोडत नाही तुम्ही. अभंग बदलताना एकदा पाय पसरा. पखवाजवाला रागावणार नाही.

गोळीचं मात्र नीट वाचा. कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत तुमचे कागद चाळले. प्रेशरासाठी मार्चमध्ये नवी गोळी सुरू झाली आहे, क्लोरथॅलिडोन. ही लघवीवाटे पाणी आणि मीठ काढते, आणि त्याबरोबर पोटॅशियमही जातं. अशा गोळ्यांनी पायात गोळे येऊ शकतात. शिगमा मार्चमध्येच होता. तारखा जुळतात म्हणून हेच कारण असं मी म्हणत नाही. कित्येकदा कारण सापडतच नाही, आणि वयाबरोबर हे वाढतंही. पण डॉक्टरांना तुम्ही सांगितलंच नाही, तर त्यांना कळणार कसं? आईने तिथे विषय काढला तेव्हा ‘तसं काही नाही’ म्हणणारे तुम्हीच. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, त्याने प्रेशर चढेल. फक्त गोळे कधीपासून येतात, किती वेळा येतात ते सांगा आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि साखर तपासून घ्या. बदलायची असेल तर ते बदलतील.

तोवर भातखाचर आणि कुळागर उन्हात फिरताना पाणी पीत जा. घामाने सदरा चिकटलेला असतो आणि दुपारपर्यंत एक पेला पाणी!

बाकीच्या सल्ल्यांबद्दल. शेजारच्या काकींनी केळी सांगितली. साळदाटी घरचीच आहेत, खा की. पण एका केळ्यात पोटॅशियम चारशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि दिवसाला लागतं साडेतीन हजार. रक्तात ते कमी नसेल तर केळ्यांनी गोळे थांबायचे नाहीत, आणि मूत्रपिंडाची तक्रार निघाली तर घड संपवणंही बरं नव्हे. आधी रिपोर्ट. औषधाच्या दुकानातून मॅग्नेशियमची पावडर आणलीत, तिचंही तसंच. औषधांवरचे अभ्यास पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2020 साली सगळे अभ्यास एकत्र तपासले, आणि वयस्क माणसांना तिचा फारसा उपयोग होत असेल असं त्यात दिसलं नाही.

भजनातल्या तुमच्या मित्राने टॉनिक वॉटर सुचवलं म्हणे, त्यात क्विनीन, म्हणजे हिवतापावरचं जुनं औषध, असतं म्हणून. (त्यांना ते कशाबरोबर प्यायचं असतं ते मला ठाऊक आहे.) क्विनीनने गोळे थोडे कमी होतात हे खरं, पण त्याने रक्तातल्या प्लेटलेट्स एकदम उतरू शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून अमेरिकेत 1994 साली पायातल्या गोळ्यांसाठी ते चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली. तिथल्या नियमाप्रमाणे टॉनिकमध्ये लिटरमागे 83 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्विनीन चालत नाही, म्हणजे पेलाभर टॉनिकमध्ये सोळा-सतरा. औषध म्हणून देत ते दोनशे-तीनशे. आजोबांना हिवतापात दिलेल्या क्विनीनने कान वाजायचे, ती गोष्ट तुम्हीच सांगितली होती.

एक मात्र गमतीचं. अमेरिकेत 2010 साली तरुण मुलांच्या पायात मुद्दाम गोळा आणून त्यांना काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजलं, तर तो साध्या पाण्यापेक्षा लवकर उतरला. मीठ रक्तात पोचण्याआधीच! आंबट-खारट घशाला लागताच नसा शांत होत असाव्यात असा त्यांचा तर्क. मला लगेच आपल्या चेपणीच्या तोरांची, मिठात मुरवलेल्या कैऱ्यांची, भरणी आठवली. बाबा, मनातही आणू नका. तुमचं प्रेशर आणि ते मीठ!

एवढं लक्षात असू द्या: एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली, तर ती चोळायची नाही, तडक इस्पितळ गाठायचं. रक्ताची गुठळी असू शकते. आणि कुळागराची चढण चढताना दुखतं, थांबलं की थांबतं, असं होत असेल तर तो रात्रीचा गोळा नव्हे, रक्तवाहिनीचं दुखणं असू शकतं. होतं का तसं? खरं सांगा.

आई, आता तुझं. गणेश चवथीच्या आधी आदोळीवर, म्हणजे आपल्या विळीवर, नारळ खवताना तुझ्या तळव्यात वात येतो, पायाची बोटं एकमेकांवर चढतात आणि तू पाट तसाच सरकवून बोटं जमिनीवर दाबतेस, हे मी लहानपणापासून बघते. कुणाला सांगितलंयस कधी? तुझाही तळवा वर ओढायचा, मग उभं राहून टाचेवर चार पावलं चालायचं. बाबांनी करायचं ते भिंतीचं तूही कर, दोघं एकदमच करा. आणि सुताराला सांगून आदोळीचा पाट चार बोटं उंच करून घे. मी चवथीला येईन तेव्हा त्यावर बसून बघणार आहे.

तुमची,
बाय