तू बसणार कुठं, ते आधी लिहून घे

केज, जि. बीड
रविवार

चि. शुभांगी हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, क्लायंट अमेरिकेत, पैसे डॉलरमध्ये, लॅपटॉप माझा. मी पुण्यात बसले काय अन् पोर्तुगालात लिस्बनमध्ये बसले काय, कोणाला काय फरक पडतो? आधी टुरिस्ट व्हिसावर जाते, पुढचं पुढं." मी नुसतं हं केलं आणि फोन तुझ्या आईकडं दिला. मला फोनवर बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे. सगळं आयुष्य कागदावर गेलं, म्हणून लिहायलो.

फरक पडतो, माय. क्लायंट कुठला हे नंतर. आधी सरकार विचारतं ते, तू कुठं बसून काम करायलीस. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, टुरिस्ट व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस फिरायला देतो, कामाला नाही. तू म्हणशील, सगळेच करतात, खोलीत कोण बघायला येतंय? कोणी येत नाही, कबूल. पण उद्या तिथंच राहायचा परवाना मागशील तेव्हा बँकेचे उतारे, बिलांच्या तारखा अन् पासपोर्टवरचे शिक्के एकाच फायलीत बसणार. ती फाईल आपणच आपल्या हातानं लावून द्यायची असते.

तू पाठवलेला करार मी डिक्शनरी घेऊन वाचला, तीन दुपारी लागल्या. हसू नको. कारखान्याच्या शेतकी खात्यात तीस वर्षं मी तोडणी-वाहतुकीचे करार लिहिले, करार वाचायची खोड जात नाही. सातव्या कलमात काय आहे, पाहिलंस का? काम भारतातून होईल, आणि जागा बदलायची तर आधी लेखी परवानगी. सही करताना तू हे वाचलं नसणार. तिकीट, व्हिसा हे सगळं नंतर, आधी त्या अमेरिकेवाल्यांना मेल टाक आणि नव्या देशाचं नाव करारात घालून घे. पोर्तुगालचा व्हिसा मागतानासुद्धा काम लांबून करता येतं याचा कागद लागतोच.

एवढं का मागं लागलो ते सांगतो. तुला हे कधी सांगितलं नाही. तुझ्या जन्माच्या आधीचा एक हंगाम होता. धारूरकडची टोळी आली होती. आपल्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून, उचल दोघांच्या जिवावर घेतलेली असते. पण करारावर मी फक्त मुकादमाचं नाव लिहायचो, अन् खालच्या यादीत गड्याचं. बाईचं नाव लिहायची रीतच नव्हती. जांभळ्या शाईचा पॅड, त्यावर अंगठा, झालं. जानेवारीत पहाटेच्या धुक्यात ट्रॅक्टरची ट्रॉली कॅनॉलच्या भरावावरून कलंडली आणि एका बाईचा हात कोपरातून गेला. नवरा ऑफिसात आला. साहेबांनी मला फाईल काढायला लावली. मी काढली. यादीत ती बाई नव्हतीच. ती रोज नवऱ्याच्या बरोबरीनं ऊस तोडायची, ते अख्ख्या गट ऑफिसला ठाऊक होतं, पण कागदाच्या हिशेबानं ती तिथं आलेलीच नव्हती. नवरा माझ्याकडं बघत उभा राहिला. ती यादी माझ्याच अक्षरातली होती.

तर आता तुझ्या पर्यायांकडं येतो. शेजारच्या सरांच्या पोरानं मला सरकारी पानं काढून दिली, ती दोघांनी मिळून वाचली.

तू म्हणालीस ना, एक कंपनी तिकडं आपल्या नावावर नोकरीला ठेवते अन् क्लायंटचं काम करू देते, एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड म्हणतात त्याला. अगं, हा तर मुकादम! काम कारखान्याचं, माणूस मुकादमाचा. वाईटच असतं असं नाही. पगारपत्रक मिळतं, विमा मिळतो. पण मग तू कॉन्ट्रॅक्टर उरत नाहीस, नोकरदार होतेस. दुसऱ्या क्लायंटची कामं करता येतील की नाही हे मुकादम ठरवणार. शिवाय प्रत्येक देशात मुकादमी चालतेच असं नाही. जर्मनीत माणसं अशी पुरवायला सरकारचा परवाना लागतो, आणि एका ठिकाणी एका माणसाला साधारण १८ महिन्यांच्या वर ठेवता येत नाही. त्यामुळं पहिला प्रश्न पैशाचा विचारू नको. परवाना आहे का अन् माझ्या व्हिसाची जबाबदारी कोण घेतं, ते विचार.

जर्मनीत स्वतःच्या नावानंही जाता येतं. त्यांच्या निवास कायद्याचं कलम २१ स्वतंत्र व्यावसायिकांसाठी आहे. पण तिथला अधिकारी बघतो की जर्मनीत तुझ्या कामाची गरज कुणाला आहे. तुझं बहुतेक काम अमेरिकेचं, जर्मन क्लायंट एकच. त्याच्याकडून काम देणार असल्याचं पत्र घे आणि असं आणखी एखाददुसरं पत्र मिळतं का बघ. आणि एकाच गिऱ्हाइकावर सगळा धंदा ठेवलास, तर ते उलटं धरतात की ही बाई व्यावसायिक नाही, लपवलेली नोकर आहे. त्याला त्यांच्याकडं एक लांबलचक शब्द आहे, शाइनसेल्ब्स्टेंडिगकाइट. मला तो पोरानं चार वेळा म्हणून दाखवला. त्यात दंड मुख्यतः क्लायंटला होतो, म्हणून क्लायंटच घाबरून करार मोडतात. ब्लू कार्ड हा निवास परवाना तर नोकरीवाल्यांसाठीच आहे, तो सोड.

स्पेनचा डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे लॅपटॉपवर लांबून काम करणाऱ्यांचा व्हिसा, डिसेंबर २०२२ च्या स्टार्टअप कायद्यातून आला. क्लायंटशी किमान तीन महिन्यांचं नातं हवं, क्लायंट कंपनी वर्षभर तरी चालू असलेली हवी. स्थानिक स्पॅनिश गिऱ्हाइकांचं काम एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच. स्वतःच्या धंद्यावर राहायचं तर तिथल्या सामाजिक सुरक्षेत नाव घालून दरमहा हप्ता भरायचा. तो हप्ता धरून तुझा दर परत मांड. आज तू मांडलास तो पुण्याच्या खर्चावरचा आहे.

माझा कौल पोर्तुगालच्या डी-८ ला, तिथल्या तसल्याच व्हिसाला. ३० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तो तुझ्यासारख्यांसाठीच काढलाय, क्लायंट बाहेरचे, माणूस तिथं. मिळकत तिथल्या किमान वेतनाच्या चौपट लागते. २०२५ ला किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे महिना ३,४८० युरो. अट मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीची आहे, आणि इथंच तुझी गोम आहे. तू दोन-दोन महिन्यांची बिलं एकदम लावतेस. एखादा रिकामा महिना मधे आला की सरासरी कोसळते. आजपासून दर महिन्याला बिल लाव, रक्कम थोडी असली तरी चालेल. राहायचा व्हिसा मिळतो तो चार महिन्यांचा, आणि त्यातच तिथं जाऊन निवास परवाना काढायचा. तिथलं स्थलांतराचं खातं २०२३ च्या ऑक्टोबरपासून नवं झालंय, आणि तारखा मिळायला लोक फार ताटकळतात असं ऐकतोय. तेवढी कळ काढायची तयारी ठेव.

एस्टोनियाचं ई-रेसिडेन्सी कार्ड काढते म्हणालीस, ते काढ नाही तर नको काढू, पण ते राहायचा परवाना नाही. २०१४ पासून देतात, त्यावर कंपनी चालवता येते. घरात पाऊल ठेवता येत नाही.

टॅक्सचं मी जास्त बोलत नाही, तो सीएचा प्रांत. एवढंच त्याला विचार की आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, तिथलं जानेवारी ते डिसेंबर, तर कोणत्या महिन्यात निघालीस तर कुठं किती. आपल्याकडं वर्षात १८२ दिवस राहिलं की करासाठी रहिवासी धरतात, तिकडं १८३ च्या वर. दोन देशांत दुहेरी कर टाळायचा करार आहे, पण तो आपोआप लागत नाही, दाखले द्यावे लागतात. अन् तुला सीए निम्म्याच उत्पन्नावर कर लावून देतो ना, ती सोय इथल्या रहिवाशालाच. बँकेतलं बचत खातंही एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागेल.

आता माझी चूक कबूल करतो. तुझा जन्म दाखला मी काल पेटीतून काढला. ग्रामपंचायतीत त्यावर माझं नाव दत्तू लागलंय, पदवीवर दत्तात्रय, अन् पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. तेव्हा ग्रामसेवकानं विचारलं, मी घाईत होतो, बस निघाली होती. आता दाखला, पदवी आणि पोलिसांचा दाखला यांतले जे मागतील त्यांवर अपोस्टिल लागेल, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून मारलेला शिक्का. आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा. नावं जुळली नाहीत तर तिथंच अडकेल. मंगळवारी पंचायतीत जाऊन दुरुस्तीचा अर्ज देतो, शाळेचा टीसी सोबत जोडतो.

तुझी आई म्हणायली, ज्वारीचं पीठ अन् शेंगदाण्याची चटणी विमानात चालते का ते विचार. विचार आणि कळव, नाहीतर ती मला बसू द्यायची नाही.

सातव्या कलमाचं उत्तर आलं की मेल जशीच्या तशी मला पाठव. आणि कराराचं नववं पान फोटोत हललंय, परत काढ. त्यावर करार कोण कसा मोडू शकतं ते आहे, अर्धंच वाचता आलं.

तुझा,
अण्णा