काकू, तुमचा गुरुवारचा तोडगा

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

आभार फोनवरही मानता आले असते, पण तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. मॅसॅच्युसेट्समध्ये नव्याने संसार मांडणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडलं तर उत्तमच.

१९४१ च्या कायद्याने अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाला नोव्हेंबरचा चौथा गुरुवार नेमून दिला, तेव्हा आपल्या घरांतल्या गुरुवारांचा विचार कोण कशाला करेल? २०२५ मध्ये तो २७ तारखेला आला आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवारही तोच. सासूबाई घरी, घट मांडलेला, उपास. शेजाऱ्यांकडच्या जेवणात टर्की त्यांची आणि स्टफिंग, म्हणजे टर्कीसोबतचा ब्रेडच्या तुकड्यांचा भाजलेला पदार्थ, आमच्याकडे, तेही भोपळा आणि पोर्क सॉसेज घातलेलं. दोन्हीकडे नाही म्हणणं जड जात होतं.

तुम्ही मापं सांगत बसला नाहीत, आधी कारणं सांगितलीत. ब्रेड शिळा असून भागत नाही, तो वाळलेला हवा. शिळा ब्रेड कडक लागला तरी त्यात ओल असते आणि स्टॉक घातला की त्याचा लगदा होतो. म्हणून चौकोनी तुकडे २५० अंश फॅरनहाइटवर तासभर, रंग न येऊ देता, खडखडीत वाळवायचे. भोपळा कच्चा मिसळायचा नाही, ४०० अंशांवर वेगळा भाजायचा. त्याचं पाणी ओव्हनमध्येच उडालं पाहिजे, ब्रेडमध्ये उतरायला नको. हा बटरनट जातीचा भोपळा सोलल्यावर हातांवर चिकट पापुद्रा धरतो, हेही तुम्ही आधीच बजावलंत, नाहीतर मी घाबरलेच असते.

हा बटरनट इथलाच. 'वॉल्थम बटरनट' ही जात वॉल्थमच्या शेती संशोधन केंद्रातली, १९७० मध्ये तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आणि आपल्या बाजारातला लाल भोपळा बहुतेकदा याच प्रजातीचा असतो. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी तो स्वतः चिरायला घेतला. मान आणि पोट आधी वेगळं करायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

पण खरे आभार पुढच्या युक्तीचे. "सॉसेज शेवटी घाल आणि एकाच ट्रेमध्ये घाल," म्हणालात. इथल्या ब्रेकफास्ट सॉसेजमध्ये सेज (एक सुगंधी पाला) आणि मीठ आधीच असतं, त्यामुळे त्या ट्रेत या दोन्ही गोष्टी बेतानेच. ते वेगळ्या तव्यावर, गुलाबी राहू न देता परतायचं. दुसऱ्या ट्रेला सेजची पानं लोण्यात कुरकुरीत करून, कांद्याऐवजी दुप्पट सेलेरी, एक आंबट सफरचंद आणि भाज्यांचा स्टॉक. अंड्याच्या जागी थोडा भाजलेला भोपळा स्टॉकमध्ये कुस्करायचा, त्याने तुकडे धरून राहतात. दोन्ही ट्रे ३५० अंशांवर, आधी अर्धा तास झाकून, मग वरचा थर तांबूस होईपर्यंत उघडे. आणि शाकाहारी ट्रे आधी भाजायचा, चमचा वेगळा. हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की सोवळ्या-ओवळ्यावर कुणाला एक शब्द बोलावा लागला नाही.

संध्याकाळी आरती झाल्यावर सासूबाईंनी तो ट्रे उपास सोडताना घेतला. "मीठ बेताचंच आहे, पण कडेचं चांगलं लागतंय," एवढं म्हणाल्या. त्यांच्याकडून ही मोठीच पावती. शेजाऱ्यांकडे सॉसेजचा ट्रे आधी संपला हे खरं, पण भोपळ्याच्या ट्रेची कृती मात्र दोघांनी मागून घेतली. तुमच्या नावानेच दिली.

आता एक विचारायचंय. इथल्याच फॉल रिव्हर शहरातल्या पोर्तुगीज दुकानांत शोरिसो, म्हणजे त्यांचं पोर्क सॉसेज, मिळतं आणि तिकडचे लोक ते स्टफिंगमध्ये घालतात. आमच्याकडे 'हे' म्हापशाचे, त्यांना गोव्याच्या चोरिसाची आठवण येते. यात व्हिनेगर-मिरचीचा तो जोर नाही, पण लसूण आणि पॅप्रिका भरपूर. मग सेज ठेवायचा की काढायचा? माझ्या मते काढावा. तुम्ही सांगाल तसं करीन, आणि यावेळी ट्रे शनिवारी लावीन.

तुमची,
पुढच्या गल्लीतली सून