दुसरे शिक्षक द्या, पट आम्ही आणतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पालकांना शाळा निवडता यावी, असं हल्ली सगळेच म्हणतात. पश्चिम विदर्भातल्या आमच्या कापसाच्या गावात ही निवड कशी होते, ते दोन लेकरांची आई आणि शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य म्हणून लिहिते.

मोठ्या मुलाला आम्ही तालुक्याच्या कॉन्व्हेंटात घातलं. (आमच्याकडे कुठलीही इंग्रजी शाळा म्हणजे कॉन्व्हेंटच.) सकाळी साडेसहाला अ‍ॅटो यायचा, आत सोळा पोरं, दप्तरं बाहेर लटकलेली. फीचा पहिला हप्ता जूनमध्ये, नेमका बियाणं आणि खत घ्यायच्या वेळी. कापसाचा पैसा दिवाळीनंतर. दोन वर्षं उसनवारीवर काढली. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मी वेचाईचा हिशेब करत होते. त्याला म्हटलं, काकूनं सत्तेचाळीस किलो वेचला, आठ रुपये किलोनं किती झाले सांग. पोरगा हुशार, गुणाकार त्याला येतो. पण सत्तेचाळीस म्हणजे फोर्टी सेव्हन हेच त्याला कळेना. घरात, आपल्याच माणसांत, हिशेब लागत नाही म्हणून तो रडला. ते मी विसरू शकत नाही.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत गरीब घरच्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या, २५ टक्क्यांतून अर्ज का केला नाही, असं शहरातले नातेवाईक विचारतात. त्या सोडतीत आधी शाळेपासून १ किलोमीटरच्या आतली मुलं घेतात, मग १ ते ३ किलोमीटरमधली. आमचं गाव तालुक्यापासून ११ किलोमीटरवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला होता, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. जुलैमध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला, फार बरं झालं. पण आमच्या मजुरांच्या पोरांना त्या निकालाआधीही जागा नव्हती आणि नंतरही नाही. तीन किलोमीटरच्या आत खाजगी शाळाच नाही, तर पंचवीस टक्के कशाचे?

म्हणून धाकटीला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. पहिली ते चौथी, पट १७, शिक्षक एक. सर जीव ओतून शिकवतात. फळ्यावर मधोमध खडूची उभी रेघ असते, डावीकडे पहिली-दुसरी, उजवीकडे तिसरी-चौथी. डावीकडची लेकरं अक्षरं गिरवतात तोवर सर उजवीकडे भागाकार घेतात. सर मीटिंगला किंवा मतदार याद्यांच्या कामाला गेले की खिचडी शिजवणारी ताईच पोरं सांभाळते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय, पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे सतरा पोरांनाही दोन. आमचं दुसरं पद तीन वर्षांपासून रिकामं आहे. ते भरलेलं होतं तेव्हा पट ३१ होता. मग एकेक घर टीसी घेऊन गेलं. पट घसरला म्हणून शिक्षक गेले नाहीत. शिक्षक गेले, मग पट घसरला. अधिकाऱ्यांनी एवढं एक समजून घ्यावं.

आता समूह शाळेचं बोलतात, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एकच मोठी शाळा. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी तसे प्रस्ताव मागवले, आणि अशा शाळा तेव्हा राज्यात १४ हजारांवर होत्या. समूह शाळेत ग्रंथालय असेल, संगणक असतील, मला मान्य आहे. पण आमच्या शेजारची शाळा चार किलोमीटरवर, मध्ये नाला. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेलं की मोटरसायकलही थांबते. सहा वर्षांच्या लेकराला त्या वाटेनं कोण पाठवेल? सरकारच्या मानव विकास मिशनच्या निळ्या बस आहेत, पण त्या हायस्कूल-कॉलेजच्या मुलींसाठी. पहिलीतल्या पोरासाठी गाडी कोण देणार, गाडीत सोबत कोण बसणार, ती बंद पडली तर काय, हे आम्हाला आधी लेखी पाहिजे.

समितीनं दुसऱ्या शिक्षकासाठी दोनदा ठराव करून पाठवला. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडते. आमच्या गावातली चार लेकरं यंदा पहिलीत जातील. कॉन्व्हेंटची माणसं त्यांच्या घरी दोनदा येऊन गेलीत. त्यांचे आईबाप अजून थांबले आहेत. शाळा उघडायच्या आत दुसरे शिक्षक आले तर ती चारही इथंच नाव घालतील, हे मी त्यांच्या चारही आयांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून लिहिते आहे.

आपली,
एक पालक
(नाव व गाव छापू नये, ही विनंती.)