'सांगता येत नाही' कुणाच्या ताटात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला स्पेनचे समाजशास्त्रज्ञ होसे फेलिक्स तेथानोस यांच्यावरचा लेख वाचला. समाजशास्त्रज्ञाने पक्षात जाऊ नये का, असा सवाल लेखकाने केलाय. खुशाल जावं की! पण तिथल्या समाजवादी पक्षाच्या कार्यकारिणीतल्या माणसाला २०१८ साली त्याच पक्षाचं सरकार जनमत चाचण्या घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या गादीवर बसवतं, ओरड झाल्यावर हे गृहस्थ कार्यकारिणी तेवढी सोडतात, पक्ष नाही. आणि तुमच्या लेखात याला 'निःपक्षपाती विद्वत्ता' म्हटलंय. धन्य!

नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत या संस्थेने समाजवाद्यांना १३३ ते १५० जागा दिल्या होत्या, मिळाल्या १२०. कडव्या उजव्या व्हॉक्सला १४ ते २१ दिल्या, त्यांनी ५२ नेल्या. मुलाखती १३ ऑक्टोबरला संपल्या आणि १४ ला स्पेनमधून फुटून निघू पाहणाऱ्या कॅटलन नेत्यांच्या खटल्याचा निकाल आला, वारं फिरलं, हे मान्य. पण अंदाज चुकतो तो नेमका आपल्याच माणसांच्या बाजूने कसा?

कच्च्या उत्तरांवरून अंदाज काढण्याला तिकडे 'कोथिना' म्हणतात, म्हणजे स्वयंपाकघर. हे वाचलं आणि मला १९८९ आठवलं. लोकसभेच्या तोंडावर मी एका संस्थेसाठी कराड तालुक्यात घरोघर फॉर्म भरत हिंडत होतो. फॉर्ममागे चार रुपये. एका म्हातारीने भाकरी थापता थापता सुनावलं, "मत कुनाला त्ये पेटीला सांगीन, तुला कशापायी?" मी मुकाट 'सांगता येत नाही'वर खूण केली. रात्री लॉजवर आमचे सुपरवायझर बनियनवर बसून असे तेवीस फॉर्म 'दुरुस्त' करत होते. खोडरबरही माझंच. मी हरकत घेतली तर म्हणाले, "रिकामी ताटं वर पाठवू काय?" त्या तेवीस फॉर्मांचे ब्याण्णव रुपये मला आजतागायत मिळालेले नाहीत. म्हातारीचं मत मात्र कुणाच्या तरी ताटात पडलंच.

तेथानोस यांच्या संस्थेचं एक कबूल करतो. ती कच्ची आकडेवारी सर्वांना खुली ठेवते. ज्याला हवं त्याने ताळा करून पाहावा, आणि तिथले लोक तो करून यांना धारेवर धरतात. आमचे फॉर्म महिन्याभरात रद्दीत गेले. कौतुकच करायचं तर लेखकाने याचं करायचं होतं. त्यावर एक ओळ नाही.

आणि हो, मथळ्यात तुम्ही त्यांना 'तोर्ताखादा' करून टाकलंत. अहो, ते आईकडचं आडनाव! स्पेनमध्ये वडिलांचं आधी आणि आईचं नंतर लावतात. तुमच्या उपसंपादकांनी शेवटचा शब्द दिसला तो उचलला. शब्दकोड्याचीही तीच तऱ्हा. गेल्या दोन रविवारी उत्तरं आलेली नाहीत, आमचं 'आडवे १४' अजून रिकामंच आहे.

आपला,
एक जुना वाचक, कराड