गेमवरचे खटले नेमके कुठे अडतात?

मा. संपादक,
स. न.

हिंसक व्हिडिओ गेमवर गुन्ह्याचा ठपका ठेवणारा खटला अमेरिकेत दाखल झाला की ठळक मथळा होतो. तो फेटाळला गेला की एखादी ओळ येते आणि वाचकाचा समज होतो की न्यायालयाने गेमला निर्दोष ठरवले. हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो.

केंटकी राज्यातील पडूका येथे डिसेंबर १९९७ मध्ये १४ वर्षांच्या मुलाने शाळेत गोळीबार केला, तीन मुली गेल्या. त्या मुलींच्या पालकांनी 'डूम', 'क्वेक' अशा गेमच्या कंपन्यांसह अनेकांवर भरपाईचा दावा लावला. तो सुरुवातीलाच फेटाळला गेला आणि २००२ मध्ये अपिलातही टिकला नाही. या टप्प्यावर पुरावा तपासलाच जात नाही. वादीचे म्हणणे तात्पुरते खरे धरून, ते सगळे खरे असले तरी कायद्याने जबाबदारी येते का, एवढेच पाहतात. गेम खेळणारा एखादा मुलगा खून करील याचा अंदाज कंपनीला येण्यासारखा नव्हता, म्हणून काळजी घेण्याचे कर्तव्यच निर्माण झाले नाही, असे न्यायालय म्हणाले. सदोष वस्तूचा कायदाही लागला नाही, कारण त्या कायद्यासाठी गेममधली चित्रे आणि कल्पना 'वस्तू' ठरत नाहीत. शिवाय अभिव्यक्तिस्वातंत्र्य होतेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या ब्रँडनबर्ग निकालानुसार तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या हेतूने दिलेली आणि ते घडण्याचा संभव असलेली चिथावणीच त्या संरक्षणाबाहेर जाते.

हिंसक गेमच्या परिणामांवरील संशोधनाची झडती झाली ती २०११ मध्ये, तीही खुनाच्या दाव्यात नव्हे. अल्पवयीनांना असे गेम विकण्यावर कॅलिफोर्नियाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केली. निकालाच्या तळटिपेत एक चाचणी आहे: 'एक्स्प्लो-ई' या इंग्रजी शब्दातले गाळलेले अक्षर भरायचे. 'डी' भरले तर 'स्फोट होणे', 'आर' भरले तर 'शोध घेणे'. हिंसक गेम नुकताच खेळलेली मुले 'डी' अधिक भरत होती. यावरून खुनापर्यंत पोचता येत नाही हे उघड आहे. मात्र परिणाम शून्य असतो, असेही त्यातून निघत नाही.

२०२४ मध्ये युवाल्डीच्या (टेक्सास) पालकांनी लावलेला दावा मला म्हणूनच वेगळा वाटतो. मे २०२२ मध्ये तेथील शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. या दाव्यात 'कॉल ऑफ ड्यूटी' या गेमच्या कंपनीवर मुख्य आरोप आहे तो तरुणांपुढे बंदुकीची जाहिरात केल्याचा. सँडी हूक या कनेटिकट राज्यातील शाळेत २०१२ मध्ये झालेल्या गोळीबारातील नऊ पीडित कुटुंबांनी बंदूक कंपनीच्या जाहिरातींवरच बोट ठेवले होते. कनेटिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथांच्या कायद्याखाली तो दावा चालू दिला आणि २०२२ मध्ये ७.३ कोटी डॉलरची तडजोड झाली. निकाल नव्हे, तडजोड. आणि ती बंदूक कंपनीच्या वतीने, गेम कंपनीच्या नव्हे. जाहिरातीच्या दाव्यात मुलाच्या मनापेक्षा कंपन्यांचा आपसातला पत्रव्यवहार आणि विक्रीचे आराखडे जास्त बोलतात.

मुले गमावलेली माणसे वर्षानुवर्षे न्यायालयात उभी राहतात. त्यांचा दावा कोणत्या कायद्याखाली आहे, कोणत्या टप्प्यावर आहे आणि फेटाळला तर कशामुळे, एवढे तरी बातमीत छापावे आणि युवाल्डीचा दावा पडूकाच्या माळेत ओवू नये, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक