आडव्या वाऱ्यात ट्राइक चालवताना

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आता तीन चाकं आहेत, वाऱ्याची काळजी सोडा." ते वाक्य काही डोक्यातून जाईना. फोनवर तू "हो हो" करतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहूनच पाठवतोय.

तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. तुझी ट्राइक, म्हणजे ही तीनचाकी मोटारसायकल, चारशे-पाचशे किलोचं धूड; ते नुसत्या वाऱ्याने आडवं होणं कठीण. पण वारा ट्राइकला पाडत नसला तरी सरकवतो, आणि सरकायला तुझ्याकडे जागा आता कमी आहे. मोटारसायकल हँडलपाशी पाऊण-एक मीटर रुंद. ट्राइक दीड मीटरच्या आसपास. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये अगदी मधोमध राहिलीस तरी दोन्ही बाजूंना एकेक मीटर उरतो. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. झोत बसला, तुला कळला, हात हलला, एवढ्यात त्या मीटरातला बराचसा संपलेला असतो.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे. इतकी वर्षं तू दोन चाकांवर काढलीस, तुझ्या हातांना एक सवय आहे. डावीकडून वारा आला की डाव्या मुठीवर दाब द्यायचा, गाडी डावीकडे कलते, वाऱ्यावर रेलून सरळ जाते. हे तू विचार करून करत नाहीस, ते आपोआप होतं. तुझी ट्राइक मात्र कलत नाही. तिच्यात डावी मूठ पुढे ढकललीस की हँडल उजवीकडे वळतं आणि गाडी मुकाट्याने उजवीकडे जाते, म्हणजे वारा तुला ढकलतोय तिकडेच! इथे डावीकडे जायचं तर हँडल डावीकडेच वळवायचं, उजवी मूठ हलकेच पुढे. ऐकायला पोरकट वाटेल. पण दचकल्यावर हात नव्या गाडीचं ऐकत नाहीत, जुन्या सवयीचं ऐकतात. म्हणून वारा नसताना, रिकाम्या मैदानात, आधी हळू आणि मग थोड्या वेगाने डावी-उजवी वळणं इतक्यांदा घे की हातांना नवीन रीत अंगवळणी पडेल. वाऱ्यात जाऊन शिकू नकोस.

दुसरी गोष्ट, दुरुस्ती बेतानेच कर. समजा, डावीकडून जोराचा झोत आला आणि तू घाबरून हँडल एकदम डावीकडे खेचलंस. झटक्याने डावीकडे वळताना गाडीचं वजन बाहेर, म्हणजे उजवीकडे फेकलं जातं. वाराही उजवीकडेच ढकलतोय. दोघं एकाच बाजूला जोर लावतात आणि डावं चाक हलकं होतं. ट्राइक उलटू शकते ती अशा वेळी, आणि त्यात दोष वाऱ्याइतकाच हातांचाही असतो. तुझ्या गाडीची दोन चाकं पुढे आणि एक मागे, म्हणून अशा वेळी एकदम थ्रॉटल पिळू नकोस; वजन मागे, तीन चाकांच्या त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे जातं. एक चाक पुढे आणि दोन मागे असलेल्या गाडीत उलटं, तिथे वळता वळता जोरात ब्रेक मारणं वाईट. कुणाची चालवायला घेतलीस तर हे लक्षात ठेव. आणि पियाजिओ एमपी3 किंवा यामाहा निकेनसारखी कलणारी तीनचाकी हाती आली तर वर सांगितलेलं सगळं विसर, ती मोटारसायकलीसारखीच चालवायची. तीन चाकं म्हटली की सगळ्या एकाच जातीच्या, असं समजणाऱ्या लोकांची मला गंमत वाटते.

झोत ओसरतो तेव्हाचं कुणी फारसं सांगत नाही. तू हँडल थोडं डावीकडे धरून ठेवलंयस, वारा अचानक थांबला, तर तीच दुरुस्ती तुला डावीकडे नेते. म्हणून वाऱ्याबरोबर हातातला दाबही सैल करत जायचा. हे मुठी आवळून जमत नाही. कोपर वाकलेले, मनगटं मोकळी, बोटांनी नुसतं धरलेलं. छातीवर बसलेला प्रत्येक धक्का ताठ हातांतून थेट हँडलमध्ये उतरतो, आणि मग गाडी डुलते ती वाऱ्याने नाही, तुझ्याने. थोडी पुढे झुकून बस, गुडघे गाडीला टेकलेले, म्हणजे वाऱ्याला अंगही कमी मिळतं. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लाव. फडफडणारा रेनकोट तर पूर्ण बंद. तो घालून तू स्वतःच शीड होतेस.

ट्रकचं सविस्तर सांगतो. वारा डावीकडून आहे आणि डाव्या लेनमधल्या कंटेनरला तू ओलांडतेयस. त्याच्या शेपटीपाशी पोचेपर्यंत हँडलवर डावीकडे वळवणारा दाब आहे. आडोशात शिरलीस की वारा बटण दाबल्यासारखा बंद! दाब तसाच राहिला तर तू कंटेनरकडे ओढली जातेस. तिथे सैल सोड. मग केबिनच्या पुढे निघताना ट्रकने बाजूला सारलेली हवा आणि परत आलेला वारा दोन्ही एकदम अंगावर येतात आणि तुला बाहेर ढकलतात. दोन्ही ठिकाणं आधीच ठाऊक असतात, तर हात आधीच तयार का नसावेत? ओलांडताना अंतर जास्त ठेव, आणि अर्ध्यात रेंगाळू नकोस. जोराच्या वाऱ्यात तर ओलांडूच नकोस, मागे राहा.

पूल, डोंगरातल्या खिंडीचं तोंड, बोगद्याचा शेवट, इमारतींमधली फट, सगळीकडे हाच खेळ. गवत कुठल्या बाजूला झोपलंय, धूळ कुठे धावतेय, पुढचा दुचाकीवाला कुठे कललाय, हे शंभर-दोनशे मीटर आधी वाच. वेग त्या जागेच्या आधी कमी कर, मधे नाही. वेग कमी केल्याने अंगावर येणारा आडवा जोरही कमी होतो, आणि एका सेकंदात सरकायचं अंतरही. लेनमध्ये वारा येतो त्या बाजूला हातभर जास्त राहिलीस तर चालेल, पण शेजारच्या लेनकडे बघून.

हवामानाच्या अंदाजात सरासरी वेग बघू नकोस, झोताचा आकडा बघ. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने 1805 साली वाऱ्याची श्रेणी लावली, ती शिडांवरून. जमिनीवरच्या खुणा नंतर आल्या, पण आपल्या कामाच्या त्याच. छत्री सांभाळणं अवघड जातंय आणि मोठ्या फांद्या हलतायत म्हणजे सहावी पायरी, ताशी 39 ते 49 किलोमीटर. तिथे तू सावकाश चालव. अख्खी झाडं डोलतायत, वाऱ्याविरुद्ध चालताना जोर लावावा लागतोय म्हणजे सातवी, 50 ते 61. तिथे गाडी उभी कर आणि वाट बघ. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

किरकोळ दोन-तीन. वरची पेटी आणि उंच काच, दोन्ही वाऱ्याला आयतं पान देतात; वाऱ्याच्या दिवशी पेटी घरी ठेव, काच खाली घेता येत असेल तर घे. मागे कुणी बसलं असेल तर त्याला चिकटून, स्थिर बसायला सांग. टायरमधली हवा मॅन्युअलमध्ये लिहिलीय तेवढीच. पुढची आणि मागची वेगळी असते, अंदाजाने भरू नकोस. गाडीतली स्थिरतेची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चाक उचललं जातंय असं वाटलं की इंजिनाचा जोर कापते, ब्रेक लावते. ती उलटण्यापासून वाचवायला आहे. तुला लेनमध्ये ठेवणं तिचं काम नाही. आणि घाबरून पाय खाली टेकवायची जुनी खोड सोड, मागे दोन चाकं असलेल्या गाडीवर तर पाय चाकाखालीच जाईल.

लांबच्या रस्त्यावर सतत एका बाजूने वारा असला की खांदे आणि मनगटं भरून येतात, आणि भरलेले हात मुठी आवळतात. तेव्हा तास-दीड तासाने थांब, दमली नसलीस तरी.

मैदानात वळणं गिरवून झाली की मोठ्या पुलावरून जा, वारा थोडाच असेल अशा दिवशी. हँडल कसं लागलं, कुठे सैल सोडावं लागलं, ते मला नीट कळव. "मस्त होतं" एवढंच नको.

आईचे आशीर्वाद. तिने हे पत्र वाचलंय आणि तिच्या मते तू बस पकडावीस.

तुझे,
बाबा