खालच्या मजल्यावरच्या काकूंना

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

डोंबिवलीतल्या तुमच्या इमारतीत वरचा फ्लॅट बघून आम्ही दोघं जिना उतरत होतो, तेव्हा तुम्ही दारातून हाक मारलीत. ना ओळख, ना देख. तरी आत बोलावलंत आणि थेट बाथरूमचं छत दाखवलंत. पिवळा पडलेला मोठा डाग, फुगून सुटलेलं प्लास्टर, खाली ठेवलेली बादली. वर मात्र त्याच जागी नव्या टाइल्स आणि ताज्या रंगाचा वास! "वर सगळं छानच दिसतं गं, गळतं ते खाली," हे तुमचं वाक्य मी विसरणार नाही.

एजंट तेव्हा टोकनसाठी मागे लागला होता. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च त्या सदस्याच्याच माथी येतो, म्हणजे घर घेतलं असतं तर तो आमच्या माथी आला असता, आणि तुमच्याशी वाद घालतच आमचा संसार सुरू झाला असता. त्यानंतर घर बघायला गेलो की आम्ही खालच्या घराची बेलही वाजवायचो. बहुतेकांनी आनंदाने आत घेतलं. शेवटच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर गच्चीवर जायचं, पाणी सुटायच्या वेळेला जाऊन सगळे नळ एकदम सोडायचे, हेही तुम्हीच शिकवलंत.

कागदांचं तर तुम्ही वहीच्या पानावर लिहूनच दिलंत. ओसी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आहे का? कन्व्हेयन्स झालं का? ते झालं नसेल तर जमीन सोसायटीच्या नावावर नसते आणि पुनर्विकासाच्या वेळी सगळं अडतं. पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे मूळ प्रतीत आहेत का? मालकाची थकबाकी किती? स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं? (इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर 5 वर्षांनी, त्याहून जुनी असेल तर दर 3 वर्षांनी ते व्हायला हवं.) फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम 25,000 रुपयांपेक्षा जास्त मागत असतील तर सरकारी परिपत्रक दाखवा, हे तुम्ही किती ठामपणे सांगितलंत!

आपल्याच शहरातल्या 65 इमारतींबद्दल बोलताना तुमचा आवाज चढला होता, ते रास्तच होतं. बिल्डरांनी महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेराचे (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे) नंबर मिळवले, आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयाने पाडकामाचा आदेश दिल्यावर कर्ज काढून घर घेतलेली माणसं टांगणीला लागली. म्हणून नवीन इमारती बघताना रेरा नंबरवर न थांबता आम्ही बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात विचारून यायचो. एका बिल्डरच्या ऑफिसात तो क्रमांक मागितला तर "मॅडम, एवढं कोण विचारतं?" असं उत्तर आलं. आम्ही तिथूनच उठलो.

काकू, फुकटचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. पण तुम्ही स्वतःच्या घरातली पडझड परक्या माणसांना उघडी करून दाखवलीत, याला मोठं मन लागतं. तुमचे आभार जाहीरपणे मानावेत, म्हणून हे पत्र.

आमचं घर झालं. ठाकुर्लीला, दुसरा मजला, ऐन जुलैत बघितलेलं. वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला आम्ही घरी येतोच आहोत. काकांनाही घेऊन या, जेवायलाच थांबायचं आहे.

तुमची,
वरचा फ्लॅट बघायला आलेली मुलगी